मुंगीच्या वतीने

सोमवार, ४ मार्च

एकच गोष्ट मी तीनतीनदा सांगते, अशी नवऱ्याची तक्रार आहे. लिहीत जा म्हणाला, वहीला कान नसतात. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी एकटाच बोलतो आणि घरी आला की त्याला शांतता लागते. बरं, लिहिते.

आज मुंगी चालू वाक्यात थांबली. वहीला माहीत नसणार म्हणून सांगते, आम्ही दोघी दुभाषी. सभागृहाच्या मागच्या भिंतीला आमची काचेची खोली असते, तिला बूथ म्हणतात. समोर वक्ता त्याच्या भाषेत बोलतो, आम्ही त्याच वेळी आपल्या भाषेत बोलतो आणि लोक कानाला यंत्र लावून आम्हाला ऐकतात. थोडा वेळ ती बोलते, थोडा वेळ मी. वक्ता 'मी' म्हणाला की आम्हीही 'मी' म्हणायचं. अशी मी आजवर मंत्री झालेय, कैदी झालेय, एकदा तर तीन लग्नं करून पस्तावलेला जहाजाचा कप्तानही झालेय.

मुंगी म्हणजे माझी जोडीदारीण. भिंतीच्या कडेकडेनं चालते म्हणून ऑफिसात तिला हे नाव पडलं. आकड्यांना मी कच्ची, त्यामुळे माझी पाळी असली की ती शेजारी बसून प्रत्येक आकडा माझ्यासाठी कागदावर लिहीत जाते. आज तिची पाळी होती. "या किनाऱ्यावरच्या लोकांना" इथवर आली आणि बंद पडली. डोळे उघडे, ओठ उघडे, आवाज नाही. मी माइक ओढला आणि वाक्य पुरं केलं. सभागृहात कुणाला पत्ता लागला नाही. जोडीदार अडकला की आमच्या धंद्यात परवानगी मागत बसत नाहीत.

मधल्या सुट्टीत ती कोट न घालताच निघून गेली. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "घसा बसलाय तिचा."

मंगळवार, ५ मार्च

कोट द्यायला तिच्या घरी गेले. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सगळे पडदे ओढलेले. फ्रिजचा प्लग काढलेला, कारण त्याच्या घरघरीनं तिचं डोकं फुटत होतं. हे तिनं बोलून सांगितलं नाही, सभेच्या जुन्या कागदांच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून दाखवलं. बोलणं आत आहे, बाहेर येत नाही, असंही लिहिलं. फ्रिजमधलं दूध नासलं होतं. ओट्यावर भांड्यात पाणी, पाण्यात चहाची पूड आणि गॅस बंद. मी भांड्याकडे बघितलं तर तिनं लिहिलं, "पुढे काय करायचं ते आठवेना."

ही बाई दोन भाषांतली माशांची नावं झोपेत सांगते.

काही वर्षांपूर्वी जिना उतरताना तिनं मला सांगितलं होतं की ती ऑटिस्टिक आहे, रीतसर तपासणी झालीय. चपलेचं माप सांगावं तशा आवाजात सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि आम्ही जिना उतरलो. ऑफिसात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्या 'बरं'चा मला अजून अभिमान आहे.

गुरुवार, ७ मार्च

मैत्रिणीला असं वाऱ्यावर सोडता येत नाही. मी कंबर कसलीय. आज फुलं नेली, चांगली घमघमणारी. पडदे उघडले, फ्रिज लावला. भांडी घासता घासता ऑफिसातल्या सगळ्या गमती सांगितल्या, साहेबांची नक्कल केली. तिला एकटं वाटू नये म्हणून मिनिटभरही तोंड मिटलं नाही. ती हळूहळू सरकत टेबलाखाली जाऊन बसली, डोकं गुडघ्यांत घालून. खाली फरशी गार लागत असावी. निघताना पाठीवर हात ठेवला तर अंग चोरलं. झोप लागली असेल.

एकूण वेळ छान गेला. परवा डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलंय.

शनिवार, ९ मार्च

डॉक्टरबाई मुंगीला पूर्वीपासून ओळखतात. त्यांनी विचारलं, "झोप लागते का?"

मी म्हटलं, "मला झोप लागते, पण पहाटे जाग येते."

"भूक?"

"मला अजिबात भूक नाही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "पेशंट तुम्ही आहात का?"

"मैत्रीण आहे मी. तिला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने सांगतेय."

"मान हलवता येते की नाही? मग तुम्ही जरा दम धरा."

मान हलवता आली. झोपेचं माझं उत्तर चुकलं होतं, ती गेला आठवडाभर धड झोपलेलीच नाही. भुकेचं मात्र बरोबर निघालं.

त्यांनी सांगितलं ते एवढं. चारचौघांसारखं दिसण्यासाठी ही माणसं जन्मभर राबत असतात. नजरेला नजर द्यायची, हसायच्या जागी हसायचं, गोंगाट सोसायचा. ते साचत जातं आणि एक दिवस शरीर हात टेकतं. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. यात येत असलेल्या गोष्टीही येईनाशा होतात, कुणाचा स्वयंपाक जातो, कुणाचं बोलणं. विश्रांती हवी, उजेड कमी, आवाज कमी, माणसं कमी, प्रश्न कमी. मी विचारलं, कधीपर्यंत बरी होईल? म्हणाल्या, "तारीख मागू नका. तिला तेही ओझंच होईल."

बाहेर आल्यावर मुंगीनं आपला फोन माझ्या हातात ठेवला आणि कागदावर लिहिलं, "हा वाजायला नको." खाली फोन उघडायचा आकडा. एवढ्या विश्वासानं कुणी काही सोपवलं की मला भरून येतं. आजही आलं.

बुधवार, १३ मार्च

फोन वाजायला नको असेल तर समोरच्याला उत्तर मिळालं पाहिजे, साधा हिशेब आहे. म्हणून उत्तरं देतेय. मुंगीची आई दुसऱ्या गावी असते. चार दिवसांत तिचे पंधरा फोन आणि तितकेच निरोप. मी लिहिलं, "आई, घसा बसलाय, बोलायची मनाई आहे. जेवण व्यवस्थित चाललंय. तुझी फार आठवण येते गं." लगेच उत्तर आलं, "किती वर्षांनी इतकं लिहिलंस!" मग मी मुंगीचे जुने निरोप पाहिले. 'पोचले.' 'जेवले.' 'नको.' वीजबिलावर याहून जास्त माया असते. आईचा जीव तुटणारच.

साहेबांचाही निरोप होता. एप्रिलच्या सुरुवातीला मासेमारीच्या हद्दींची परिषद आहे आणि त्यातले शब्द मुंगीइतके कुणाला येत नाहीत. तोवर येशील ना, असं त्यांनी विचारलं होतं. मी लिहिलं, "काळजी नसावी. परिषदेला मी असणार म्हणजे असणार." जागा राखून ठेवलेली बरी. आणि ती नसेल तर माझे आकडे कोण लिहिणार?

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे तिला माहीत आहे?"

"तिला प्रश्न कमी विचारायचेत."

"मी पेशंटला खुर्चीत बसवतानाच सांगतो, दुखलं की डावा हात वर करा. हात वर झाला की मी थांबतो. का म्हणून विचारत नाही." एवढं बोलून तो जेवायला लागला. याचं नेहमीचंच आहे, विचारावं एक आणि सांगणार भलतंच. पण हाताची युक्ती चांगली आहे.

शनिवार, १६ मार्च

मुंगीला हाताची युक्ती सांगितली. तिनं लगेच हात वर केला. मी अजून पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"अगं, आत्ता नाही. त्रास होईल तेव्हा."

हात तसाच वर.

बसले गप्प. मला गप्प बसायला सांगणं म्हणजे माशाला झाडावर चढायला सांगणं. ती फरशीवर बसून किल्ल्या लावत होती. कुलूपवाल्याकडून आणलेला जुन्या, बिनकामाच्या किल्ल्यांचा डबा आहे तिच्याकडे, त्या ती दातांच्या चढउतारानुसार मांडते. मी नवऱ्याच्या शर्टांची बटणं लावायला घेतली. बराच वेळ गेला. वर पाहिलं तर मुंगीचे खांदे कानांपासून खाली आले होते. ते इतकी वर्षं वरच होते हे मला ते उतरल्यावर दिसलं. निघताना माझी फुलं जिन्यात, शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या बादलीपाशी सापडली. राग आला, पण मी तो तिथे न काढता घरी आणला.

गुरुवार, २१ मार्च

आता थोडं जमतंय. बेल वाजवत नाही, दोन बोटांनी दार टकटकवते आणि मागे होऊन उभी राहते. रोज तेच आणायचं, उकडलेले बटाटे, ब्रेड, दही. वेगळं काही आणलं की तिला ते ठरवत बसावं लागतं आणि मग ती काहीच खात नाही. "काय हवंय?" असं विचारायचं नाही. कागदावर "कचरा नेऊ?" एवढंच लिहायचं, खाली हो आणि नाही, ती एकावर बोट टेकवते. दिवाणखान्यातला पांढरा दिवा काढून मंद पिवळा लावला, तेव्हा तिनं माझी बाही क्षणभर धरली. या सगळ्याला फार अक्कल लागत नाही, फक्त आपली बाजूला ठेवावी लागते.

बूथमध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ दिलेत. माइकजवळ गोळ्या चघळतात आणि आकडे लिहून देत नाहीत. आज मी चौदा हजार टन मासळी चाळीस हजार टन केली. समुद्रात तरी असेल का तेवढी. मला मुंगी हवी आहे. लिहूनच टाकते, मला ती माझ्या शेजारी परत हवी आहे.

काल तिच्या आईचा मोठा निरोप आला. लहानपणी मुंगी कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही म्हणून आई तिची हनुवटी धरून चेहरा वर करायची आणि बघेपर्यंत सोडायची नाही. रोज, पाहुण्यांसमोरसुद्धा. "तू हल्ली इतकं मोकळं लिहितेस म्हणून धीर झाला. माझं चुकलं गं." वाचून माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. म्हातारीला ताटकळत ठेवणं बरं दिसेना. मी लिहिलं, "जाऊ दे आई. मी ते केव्हाच विसरले." तिनं लिहिलं की आज तिला झोप लागेल. एक चांगलं काम झालं.

मंगळवार, २६ मार्च

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

साहेबांनी परिषदेचे कागद परस्पर मुंगीच्या घरी पाठवले, वर चिठ्ठी, 'होकाराबद्दल आभार'. मी गेले तेव्हा ते टेबलावर होते. तिनं लिहिलं, "मी हो म्हटलं?" आणि फोनसाठी हात पुढे केला. दिला. ती उभ्या उभ्या वाचत राहिली. मी म्हणत होते की तुझी जागा जाऊ नये म्हणून केलं, तू बरी झालीस की तूच म्हणशील. ती वाचत होती. शेवटी थांबली आणि बोलली. तीन आठवड्यांनी बोलली. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज.

"मी विसरले नाही."

मी एक क्षण इतकी खूश झाले की टाळी वाजवणार होते, बोलली म्हणून. मग ती काय बोलली ते कळलं. मी सांगू लागले की म्हातारी बाई आहे, तिचा जीव टांगणीला लागला होता. मुंगीनं हात वर केला. मी बोलत राहिले. हात खाली आला नाही. मग मी निघाले.

आता लिहितानाही मला राग आहे. तीन आठवडे मी तिचा कचरा नेला. एका म्हातारीला झोप लागली, यात कुणाचं काय गेलं?

गुरुवार, २८ मार्च

साहेबांनी खोलीत बोलावलं. मुंगीचा निरोप दाखवला. "परिषदेला येणार नाही. बूथमध्ये पुन्हा येणार नाही. लेखी भाषांतर असेल तर द्या, घरून करीन. हळू होईल."

बूथमध्ये पुन्हा येणार नाही, हे मी दोनदा वाचलं.

साहेब म्हणाले, "हे तू लिहिलंयस ना? तुमचं काही बिनसलंय का?"

"मी का लिहीन?"

"तिची भाषा अशी नाही. हे बघ तिचं." आणि त्यांनी माझं वाक्य दाखवलं, 'असणार म्हणजे असणार.' "ही खरी मुंगी. हे दुसरं कुणीतरी तिच्या नावावर खपवतंय. तिला म्हणावं, फोन करून स्वतःच्या तोंडानं सांग. नाहीतर मी ते कागद दुसऱ्याला देतो आणि तिचं नाव यादीतून काढतो, लेखी कामासकट."

तिला फोनवर बोलता येत नाही. माझं बोलणं तिचं ठरलं होतं आणि तिचं बोलणं खोटं. मी "विचारते" म्हणून बाहेर आले आणि बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

नवऱ्याला सांगितलं. एकदाच सांगितलं. तो म्हणाला, "चुकीचा दात काढला तर परत बसवता येत नाही. पण पेशंटला सांगावं लागतं. आणि तो शुद्धीवर आल्या आल्या, आपल्या सोयीनं नाही."

शुक्रवार, २९ मार्च

साहेबांना सांगितलं. जुना निरोप माझा, नवा तिचा. तिच्या आजाराचं काही बोलले नाही, ते सांगायचं की नाही हे तिचं आहे.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बोलणाऱ्यानं न बोललेलं त्याच्या तोंडी घालायचं नाही, हे नव्यांना तूच शिकवतेस." आणि मग, "इतकी वर्षं काचेमागे बसून तू पदरचं काय काय घातलंयस, हे आता मी कसं ओळखू?"

कधी काही घातलं नाही, असं काल मी छातीठोकपणे सांगितलं असतं. परिषदेतून मला काढलंय, पुढचं नंतर बघू म्हणाले. लेखी काम मुंगीला मिळेल. तिची जागा माझ्या शेजारची होती, ती गेली. फार वाईट वाटतंय. तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला नीट सांगता येत नाही.

रविवार, ७ एप्रिल

तिला निरोप पाठवला होता, "साहेबांना खरं सांगितलं. माझं चुकलं. उत्तर द्यायची गरज नाही." तिनं दिलं नाही. मग एक दिवसाआड फक्त एवढंच, "पिशवी दाराशी ठेवू? उत्तर आलं नाही तर ठेवणार नाही." आलं नाही, ठेवली नाही. तिच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा जाऊन परत आले. मदत न करणं इतकं अंगमेहनतीचं असेल असं वाटलं नव्हतं.

आज उत्तर आलं. "बटाटे. दही नको."

मला बढती मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. बटाटे ठेवले, टकटक केली आणि दार उघडायच्या आत जिना उतरले.

शनिवार, १३ एप्रिल

सकाळी दार उघडलं तर बाहेर एक ठेंगणी बाई, हातात प्रवासाची पिशवी. म्हणाली, "तूच का ती? पंधरा दिवस माझी मुलगी झालेली?"

मी हो म्हटलं. मुंगीनं आईला सगळं कळवलं होतं. 'ते निरोप माझे नव्हते. मी विसरले नाही. आत्ता येऊ नकोस.' तरी बाई निघून आली होती, आणि मुलीनं येऊ नको म्हटल्यामुळे तिच्या दाराशी न जाता, ऑफिसातून पत्ता घेऊन माझ्या दाराशी आली होती. तिला बसवलं. माफी मागितली. तिनं ती घेतली नाही आणि टाकूनही दिली नाही.

"तू फार गोड लिहायचीस," म्हणाली. "मी शेजारणीला वाचून दाखवलं. माझी लेक बदलली म्हटलं." मग, "तू तिला समजाव ना. तुझं ऐकेल ती. म्हणावं, आईला तेव्हा ठाऊक नव्हतं."

"मी नाही सांगणार, आई. तिच्या वतीने नाही आणि तुमच्याही नाही."

"मग काय उपयोग तुझा?" हे तिनं रागानं विचारलं नाही, खरंच विचारलं.

तिनं पर्समधून फोन काढून माझ्यापुढे धरला. पहाटे मुंगीचा निरोप आला होता. "दुखायचं."

बस, तेवढंच.

"यावर काय लिहू मी?" आईनं नकळत स्वतःची हनुवटी चिमटीत धरली. "तुला येतं. सांग ना."

मला तीन उत्तरं सुचली होती. तिन्ही चांगली होती, कुणाचंही काळीज हललं असतं. मी उठले, तिच्यासाठी पाणी आणलं, चष्मा पुसून दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मागे ती एका बोटानं अक्षरं शोधत होती. लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एकदा अडकली आणि माझ्याकडे बघत राहिली, ते मला पाठीवर कळलं. मी वळले नाही. नवरा दवाखान्यात जायला निघाला, आमच्याकडे बघून बूट हातात घेऊन बाहेर गेला.

खूप वेळानं पर्सची चेन लागल्याचा आवाज आला. "पाठवलं," ती म्हणाली.

तिनं काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.